दुधाविना दही

मराठीत ‘लागणे’ हे मोठे सोयीचे क्रियापद आहे. जी गोष्ट हुकूम सोडून घडत नाही तिच्यासाठी आपण ते वापरतो. झोप लागते, सूर लागतो आणि दही लागते. आपल्या हाती एवढेच असते की विरजण लावावे, पातेले झाकावे आणि उजाडण्याची वाट पहावी. तंबोऱ्याचेही तसेच आहे. आमचे वडील दरबारी कलावंत होते. तंबोरा जुळवून झाला की ते थोडा वेळ स्वस्थ बसत आणि तारा टिकतात की उतरतात ते पाहूनच पुढे जात. दह्याच्या बाबतीत हा धीर आमच्या आईच्या अंगी होता.

दही घशाला बाधते, अशी गवईमंडळींची जुनी समजूत आहे. तेव्हा गाण्याच्या मास्तराने दह्यावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु कारण तसेच घडले. आमची धाकटी बहीण सौंसरला दिली आहे. तिच्या मुलीला तान्हेपणापासून दूध चालत नाही. दुधाचा थेंब पोटात गेला की अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात. एकदा तर श्वास कोंडला म्हणून तिला रातोरात नागपूरला न्यावे लागले. आता ती नऊ वर्षांची आहे. परीक्षेला निघणाऱ्या मुलाच्या हातावर घरातील वडील माणसाने दही-साखर घालावी, ही आपली रीत. या मुलीच्या हातावर नुसती साखर पडे. गोपाळकाल्याच्या दिवशी तिच्या वाट्याला कोरडे पोहे आणि लाह्या येत, आणि उन्हाळ्यात सारे घर दहीभात जेवत असता ती वरणभात कालवीत बसे. दुखणे औषधाने आवरता येते; पण भरल्या पंगतीत आपले पान निराळे वाढले जाते हे लहान मुलाला जे खुपते, त्याला औषध नाही. त्या घराने त्यावर जो उपाय काढला, तो इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे सांगतो.

प्रथम त्या मुलखाविषयी. पांढुर्णे म्हटले की आपल्याकडील वाचकाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार तेवढी आठवते. पण दगडांपलीकडेही तेथे पुष्कळ आहे. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णे आणि छिंदवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर सौंसर, असा हा सातपुड्याच्या पायथ्याचा टापू. एके काळी तो नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातूनच या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा निराळा झाला. कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी, असा तेथील व्यवहार आहे. संत्र्यांच्या बागा, कापूस, तूर, भुईमूग आणि सोयाबीन ही तेथली शेती. सोयाबीनची पोती दिवाळीच्या सुमारास मंडीत जातात, तेथून तेलाच्या गिरणीत, आणि घरी परत येते ती तेलाची पिशवी. फार तर किराणा दुकानातली सोयावडी. दाणा असा कोणी खात नाही. ज्या घरात दुधावाचून मुलीचे अडले होते, त्याच घराच्या ओसरीवर दुधाला पर्याय ठरणारा दाणा पोत्यांनी पडला होता.

हा पर्याय आजकालच्या शहरी हौसेतून निघाला, असे मात्र समजू नये. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले. पुढे मोठ्या दुखण्यात, १९१९ साली, ते शेळीचे दूध घेऊ लागले. पण दुधाची जागा घेणारा वनस्पतिजन्य पदार्थ कोणी दाखवावा, अशी विनंती त्यांनी आत्मकथेत जाणकारांना केली आहे. पांढुर्ण्यापासून फार दूर नसलेल्या वर्ध्याला, मगनवाडीत, १९३५ साली त्यांनी सोयाबीन आहारात घेण्याचे प्रयोग केले आणि त्यांविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. बडोदेकरांना तर अभिमान वाटावा अशी गोष्ट याच सुमारास घडली. बडोदे संस्थानचे अन्न-पाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ साली सोयाबीनवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. लागवडीपासून पाककृतींपर्यंत सारे त्यात आहे. चीन-जपानात शतकानुशतके चालत आलेले सोयाबीनचे दूध हिंदी माणसाच्या स्वयंपाकघरात आणावे, ही खटपट आपल्या एका संस्थानी अधिकाऱ्याने नव्वद वर्षांपूर्वी केली होती. ती रुजली नाही. पुढे १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग केले, मध्य प्रदेशभर पीक पसरले, १९८७ साली इंदूरला राष्ट्रीय संशोधन केंद्रही आले. शेताने सोयाबीन स्वीकारले, स्वयंपाकघराने नाही.

याचे मुख्य कारण वास. सोयाबीन भिजवून गार पाण्यात वाटले की त्याला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो. दाणा फुटून पाण्याशी त्याचा संबंध आला की दाण्यातले एक विकर त्याच्या तेलावर काम करू लागते आणि क्षणार्धात हा वास तयार होतो. एकदा तो आला की कितीही उकळा, पुरता जात नाही. परंतु हे विकर उष्णतेने मरते. म्हणून दाणा फुटण्याआधीच तो तापलेला असावा, एवढे पथ्य पाळले की निम्मी लढाई जिंकली. आमच्या बहिणीच्या पहिल्या दोन खेपा याच वासापायी गाईच्या आंबोणात गेल्या. तिसरी खेप अशी केली.

एक वाटी पिवळे सोयाबीन निवडून, धुऊन भरपूर पाण्यात रात्रभर भिजत घातले. उन्हाळ्यात सहा तास पुरतात. अधिक ठेवल्यास पाण्याला फेस येऊन ते आंबते. भिजवलेले पाणी फेकून द्यावे, म्हणजे पोटात वायू धरणाऱ्या शर्कराही थोड्या कमी होतात. मग दाणे हातांनी चोळून साले काढावीत; ती पाण्यावर तरंगतात. साले काढलेले दाणे चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे टाकावेत, ते पाणीही ओतून द्यावे आणि लगेच, दाणे गरम असतानाच, कढत पाणी घालून वाटावेत. मिक्सरचे भांडे निम्म्याहून अधिक भरू नये, नाहीतर वाफेने झाकण उडते. वाटीभर कोरड्या दाण्याला एकंदर सहा वाट्या पाणी, हे दह्यासाठी योग्य प्रमाण. प्यावयाच्या दुधाला अधिक पाणी चालते, पण पातळ दुधाचे दही धरत नाही.

हे वाटण मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यावे आणि निघालेले दूध मोठ्या पातेल्यात मंद आचेवर चांगले वीस मिनिटे उकळावे. येथे आळस करू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. ती उकळल्यानेच निकामी होतात. हे दूध गाईच्या दुधाहून लवकर उतू जाते आणि बुडाला लागतेही, म्हणून चमचा हलवीत राहावे. फेस आला म्हणजे उकळी आली असे नव्हे. फेस आधी येतो, उकळी मागाहून. फडक्यात उरलेला चोथा टाकू नये. शिजवून तो थालीपिठाच्या भाजणीत किंवा वड्यांत मजेत खपतो.

आता विरजण. नेहमीचे विरजण म्हणजे काल लावलेले दुधाचेच दही. ज्याला केवळ आवडीने वा विचाराने दूध सोडावयाचे आहे, त्यानेही ते वापरू नये; आणि ज्याला दुधाची वावडी आहे त्याच्या बाबतीत तर अर्धा चमचादेखील धोक्याचा. मग आरंभ कोठून करावा? सौंसरच्या आजींना, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंना, जुनी युक्ती ठाऊक होती. विरजण संपले तर हिरव्या मिरचीची देठे कोमट दुधात घालून दही लावता येते. मिरचीच्या देठावर आम्ल तयार करणारे जंतू स्वभावतःच असतात. आठ-दहा मिरच्यांची देठे, टोपीसकट, पाण्यातून काढून वाटीभर कोमट सोयाबीन-दुधात घातली, त्यात अर्धा चमचा साखर टाकली आणि वाटी उबेत ठेवली. बारा-चौदा तासांनी पातळ, थोडे फुटल्यासारखे दही मिळाले. ते खावयाचे नाही. त्यातले चमचाभर पुढच्या वाटीला विरजण म्हणून लावावयाचे. दुसऱ्या वाटीला ते बरे लागले आणि तिसऱ्याला चाकूने कापावे असे घट्ट बसले.

साखर कशासाठी, असे कोणी विचारील. दह्याचे जंतू मूळचे दुधातल्या साखरेवर पोसलेले. सोयाबीनमध्ये ती साखर नसते; तेथे ज्या शर्करा आहेत त्यांतल्या काही या जंतूंना मुळीच पचत नाहीत. चमचाभर उसाची साखर दिली की त्यांना खाद्य मिळते, आम्ल लवकर तयार होते आणि त्या आम्लाने सोयाबीनचे प्रथिन एकत्र येऊन गोठते. दुधाचे दहीही याच न्यायाने लागते. म्हणजे दह्याचे काम जंतू करतात, गाय नव्हे. गाय त्यांना साहित्य पुरवते. हे साहित्य दाण्यानेही पुरवता येते.

उबेचा अंदाज बोटाने घ्यावा. दुधात बोट बुडवून सावकाश दहा अंक मोजता आले आणि ऊब सुखाची वाटली, म्हणजे ते विरजण्याजोगे झाले. अर्ध्या शेराच्या पातेल्याला चमचाभर विरजण पुरे. सौंसरच्या वैशाखात पाच-सहा तासांत काम होते. पौषात दहा-बारा तास आणि वर घोंगडी लागते. मध्येच झाकण काढून पातेले हलवू नये. लागलेले दही गार जागी ठेवले की आणखी घट्ट होते. त्यावर गुलाबी, हिरवी वा काळी बुरशी दिसली, तार सुटली किंवा कुजका वास आला, तर वरचा थर काढून बाकीचे वापरण्याचा मोह धरू नये, सगळेच टाकावे. अगदी लहान मूल किंवा अशक्त माणूस घरात असेल, तर देठांच्या प्रयोगाऐवजी बाजारात मिळणारी विरजणाची पूड आणावी हे उत्तम. मात्र पुष्कळ पुडींत दुधाची भुकटी मिसळलेली असते, तेव्हा वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचल्याखेरीज ती घेऊ नये.

भुईमुगाचेही दही होते, आणि ते कृतीला सोपे आहे. वाटीभर कच्चे शेंगदाणे भिजवून, साले काढून तीन वाट्या पाण्यात वाटावेत, गाळून दहा मिनिटे ढवळीत उकळावेत आणि वरीलप्रमाणे विरजावे. चवीला ते खमंग लागते, पण खाली पाणी सुटते. दहीभाताहून कढीला बरे. दाणे मात्र डोळ्यांत तेल घालून निवडावेत. सुरकुतलेला, काळवंडलेला, कडवट दाणा बुरशीचा असतो आणि त्या बुरशीचे विष उकळूनही जात नाही. नारळाच्या दुधाचे दही कोकणात करून पहावे. त्यात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिन थोडे, म्हणून ते आंबट होते पण स्वतःच्या बळावर नीट बसत नाही. तिन्हींत पोषणाच्या दृष्टीने सोयाबीन सरस. त्याच्या दुधातले प्रथिन जवळजवळ गाईच्या दुधाइतके भरते.

परंतु येथे सत्य सांगणे अवश्य आहे. प्रथिन सारखे झाले म्हणून सोयाबीनचे दही दुधाच्या दह्याची सगळी भरपाई करते असे नाही. गाईच्या दुधात शंभर ग्रॅमला सुमारे एकशेवीस मिलिग्रॅम कॅल्शियम असते. घरी केलेल्या सोयाबीन-दुधात त्याचा चौथा हिस्सादेखील मिळणे कठीण. ब-१२ जीवनसत्त्व तर त्यात मुळीच नाही. वाढत्या मुलाला ही तूट तीळ, नाचणी, पालेभाज्या आणि डॉक्टर सांगतील ती औषधे यांनी भरून काढावी लागते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘दूध सोसत नाही’ या एका वाक्यात आपण दोन अगदी निराळी दुखणी कोंबतो. पुष्कळ मोठ्या माणसांना दुधातली साखर पचत नाही. दूध प्याले की पोट फुगते, ढाळ होतात. अशा माणसाला साधे दही बहुधा सोसते, कारण जंतूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच संपविलेला असतो आणि उरलेली पचविण्यासही ते हातभार लावतात. त्याला सोयाबीनची यातायात करण्याचे कारण नाही. दुसरे दुखणे म्हणजे दुधाच्या प्रथिनाची वावडी. माझ्या भाचीचे ते. तेथे दूध, दही, तूप, खवा सारेच वर्ज्य, आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. पुष्कळ मुलांचा हा दोष वयाबरोबर जातो, काहींचा जात नाही. अशा काही मुलांना सोयाबीनही सोसत नाही, शेंगदाण्याची वावडी तर पुष्कळांना असते. म्हणून या लेखावर विसंबून कोणी मुलाला चमचा चाटवू नये. आधी डॉक्टरांना विचारावे. आमच्या घरीही पहिला चमचा नागपूरच्या डॉक्टरांच्या संमतीनंतरच तोंडात गेला.

राहता राहिला नावाचा वाद. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली कंपन्यांना बजावले की वनस्पतिजन्य पदार्थांच्या डब्यांवर ‘दूध’, ‘दही’ हे शब्द वापरू नयेत. युरोपच्या न्यायालयानेही २०१७ साली असाच निर्णय दिला. बाजारात हे योग्यच आहे. ग्राहकाला आपण काय विकत घेतो ते कळले पाहिजे. पण हाच वाद सौंसरच्या स्वयंपाकघरातही झाला होता. पहिली घट्ट वाटी पाहून आजी म्हणाल्या, “याले दही कोन म्हनंल जी मास्तर? गाय नाही, म्हैस नाही.” त्यांची शंका रास्त होती. दही म्हणजे देवाच्या पंचामृतातला पदार्थ. दाण्याच्या लगद्याला ते नाव द्यावे हे जुन्या माणसाला पटणे अवघडच. बहिणीने वाद घातला नाही. त्या दिवशी तिने त्याच दह्याची कढी केली. आंबट कढवताना फुटू नये म्हणून बेसन नेहमीहून थोडे अधिक लावले, वरून जिरे, कढीपत्ता आणि लसणाची फोडणी दिली. आजींनी ती भातावर घेतली आणि जरा वेळाने म्हणाल्या, “कढी तर झाली बाप्पा.” पूजेच्या पंचामृतात आजही त्या घरी गाईचेच दही पडते, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मात्र मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या सकाळी दाण्याच्या दह्यात साखर कालवून तिच्या हातावर घातली ती आजींनीच. नावाचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

चालीरीती टिकतात त्या अशाच टिकतात असे मला वाटते. रागाचे चलन सांभाळून गायकाने एखादी जागा नवी घेतली तर जाणकार नाक मुरडीत नाही. मात्र षड्ज हलून चालत नाही. दह्याच्या रिवाजातला षड्ज म्हणजे वडील माणसाने लेकराच्या हातावर काही पांढरे, थंड, आंबटगोड घालून ‘नीट जा’ म्हणणे. ते सांभाळले गेले. साहित्य तेवढे बदलले.

त्या टापूतल्या आणि आपल्याकडच्याही शेतकरी घरांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. सोयाबीन मंडीत जाईल ते जावो. पण आपल्या शेताच्या पिकातले पाच-सात किलो स्वच्छ, औषध न लावलेले दाणे घरच्या डब्यात राखून ठेवावेत. बियाण्याला लावलेले विषारी औषध लक्षात ठेवून पेरणीचे पोते मात्र यासाठी कधीही फोडू नये. एका वाटी दाण्यात पाच-सहा माणसांच्या दहीभाताची सोय होते आणि चोथ्याची थालीपिठे वेगळी. घरात कोणाला दुधाचे पथ्य असो वा नसो, उन्हाळी सुटीत मुलांना हाताशी घेऊन एकदा हा प्रयोग करावा. पहिल्या वाटीने निराश होऊ नये. तिसऱ्या वाटीला ते लागते.